चाळीस पायऱ्या

चांदसाहेबाचा फायदा आधी मांडू. विहिरीच्या चाळीस पायऱ्या उतरायच्या वाचल्या, तेवढ्याच चढायच्या वाचल्या, सरपंच नानासोंच्या घरी पुढच्या सोप्यात दोन कप चहा झाला आणि दोनची सांगलीची एसटी सापडली. सन चौसष्ट, मे महिना, कवठे महांकाळच्या अलीकडचं गाव. पाण्यात नारूचे, कातडी फोडून निघणाऱ्या त्या दोऱ्यासारख्या किड्याचे, जंतू आहेत का, हे तपासायला आलेला हा सरकारी माणूस. आणि पाण्याची बाटली त्यानं सोप्यात बसून, नानासोंच्या बायकोकडून, रंगुबाईंकडून भरून घेतली.

सांगलीत ते पाणी पांढऱ्या बशीत ओतून भिंगाखाली धरलं. नारूचे जंतू पोटात घेऊन पोहणारा बारीक किडा एकही सापडला नाही. 'पाणी निर्दोष' असा कागद गावात आला.

ही तपासणी व्हावी म्हणून बनाबाई वर्षभर भांडली होती. तिचा नवरा आकाराम खडी फोडायचा. नारूनं त्याचा डावा गुडघा आखडला होता. घर उजव्या पायावर चाललं होतं. पायऱ्या बुजवा, वर रहाट बसवा, म्हणजे नारू निघालेला पाय पाण्यात बुडायचा नाही आणि त्यातून जंतू विहिरीत सुटायचे नाहीत, एवढंच तिचं मागणं.

नानासोंनी कागद तिच्या नाकासमोर नाचवला. "बघ गं, सरकारनंच लिवलंय. आता तरी गप बस."

बसली. नारू पोटात गेल्यावर बाहेर पडायला वर्ष घेतो.

पुढच्या मे महिन्यात तो अकरा जणांना निघाला. आकारामच्या उजव्या घोट्यातूनही. चांदसाहेब पुन्हा आला, घरोघर नावं लिहीत सोप्यात पोचला. मागोमाग बनाबाई.

"तुमच्यात कुणाला?"

"आमच्यात कशाला हुईल?" रंगुबाई म्हणाल्या. "दुहेरी फडक्यातनं गाळल्याबिगर आमी घोट घेत न्हाई. पाव्हण्यालाबी देत न्हाई. गेल्या साली तुमची बाटली गाळूनच भरलीवती की!"

चांदसाहेबाचा कप बशीवर वाजला. किडे फडक्यातच राहिले होते.

"आन वैनी, ह्ये सांगायला तोंड न्हवतं व्हय?" बनाबाई कडाडली.

"इचारलं कुणी?"

"आवं साहेब, तुमी पाणी तपासायला आलता, का प्यायला? उतरायला पाय मोडलंवतं तुमचं? ज्याचा मोडलाय, त्यो रोज उतरत हुता की!"

चांदसाहेब उठला. चाळीस पायऱ्या स्वतः उतरला आणि बाटली बुडवली. या वेळी भिंगाखाली बशी वळवळत होती.

रहाट बसला. नारळ नानासोंनी फोडला, फोटोतही तेच. चांदसाहेबाला लेखी ताकीद मिळाली. रंगुबाईंचं गाळायचं एक फडकं पुराव्याला म्हणून सांगलीला गेलं. बाकी सगळं आकारामनं भरलं, दोन्ही पायांनी.