नरसिंहाचा मार

सर्जेरावानं मुखवट्याची शेवटची गाठ मानेवर इतकी आवळली, की पुंजारामाच्या डोळ्यांत पाणी आलं. कमरेला दोन दोर बांधून झाले होते. एक सर्जेरावानं धरला, दुसरा भुजंगानं. हातात शिसवी काठी आली. आता हिरण्यकश्यपू मरेपर्यंत त्यानं बोलायचं नव्हतं, आणि त्याच्याशी कुणी बोलायचं नव्हतं. हसनाबादकडच्या या गावात नरसिंहाचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात होतं. मुखवटा चढला की माणूस उरत नाही, असं गाव मानायचं.

लाकडी जबड्याच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच त्याचं जग. त्यात समोर रखमाजीच्या घराचं मातीचं माळवद दिसलं, माणसांनी खच्चून भरलेलं. कठड्यावर पुंजारामाची बायको नंदाबाई बसली होती.

सकाळीच त्यानं तिला बजावलं होतं, तिथं चढू नको म्हणून. गेल्या गणपती विसर्जनाच्या रात्री किल्लारी पडली. नंतर तहसीलचा माणूस येऊन चावडीत सांगून गेला, की तिकडं माणसं भूकंपानं मेली त्याहून जास्त डोक्यावरच्या मातीनं मेली. माळवदावर गर्दी करू नका. लोक जांभया देत होते. पुंजारामानं मात्र ऐकलं. रखमाजी दरसाल गळक्या माळवदावर नवी पांढरी माती पसरायचा, जुनी कधी काढायचा नाही.

नंदाबाई आडावर सगळ्या बायांसमोर हसली होती.

"भूकंप लातुराकडं आल्ता, अन् आमचे नरशिंव इथं भिऊन राह्यले. मुखवट्याबिगर यांच्यात बिलकुल दम न्हाई, बायांनो."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. पुंजारामानं बैलांना पाणी पाजलं आणि तो निघून आला.

अजमतचा ताशा कडाडला. पुंजाराम नाचत माळवदाखाली आला आणि थबकला. माळवद पेलणारी तुळई भिंतीत शिरते तिथून मातीची बारीक धार गळत होती. बघता बघता ती मनगटाएवढी झाली. तुळईचं टोक भिंतीतून बोटभर बाहेर सरकलं.

"उतरा, खाली उतरा," तो ओरडला.

जबड्यातून नुसती डरकाळी निघाली. नरसिंह गरजला की ताशा चढवायचा, ही रीत. अजमतनं चढवला. वरची माणसं खूश होऊन अजून कडेला सरकली. पुंजारामानं मानेवरची गाठ ओरबाडली, ती सुटेना. तो पुढं झेपावला तशी दोर धरणाऱ्यांनी मागं ओढलं. सोंग जेवढं ताणेल तेवढं धरणाऱ्यानं ओढायचं, हीही रीतच.

तो वळला आणि सर्जेरावाच्या तोंडावर त्यानं काठी घातली. दात आणि रक्त एकदमच सांडलं. भुजंगानं आपणहून दोर टाकला.

जिना चढून तो वर गेला आणि झोडपत सुटला. पाठी, डोकी, खांदे, जे समोर येईल ते. रखमाजीच्या कपाळावरून रक्ताचा ओघळ दाढीत उतरला. म्हातारी सोनूबाई हात जोडून समोर बसली. तिला त्यानं केसाला धरून जिन्याकडं फेकलं. माणसं एकमेकांना तुडवत खाली पळाली, काहींनी सरळ रस्त्यात उड्या टाकल्या. कठड्याजवळ नंदाबाई होती. काठी खाली आली, पुन्हा खाली आली, हाड कडकन वाजलं. दंडाला धरून त्यानं तिला फरपटत खाली आणलं.

दोघं रस्त्याच्या मध्यावर आली, तेवढ्यात मागं माळवद बसलं. आवाज असा काही झाला नाही. कुणीतरी जड श्वास सोडावा तसा. धूळ खाली बसली तेव्हा मातीच्या ढिगातून रखमाजीच्या बैलाचं एक शिंग तेवढं वर दिसत होतं.

ताशा थांबला. मग सर्जेराव रक्ताळलेल्या तोंडानं पुढं आला आणि पुंजारामाच्या पायावर पडला. त्याच्यामागं रखमाजी, त्याच्यामागं गाव.

तहसीलच्या माणसाचं नाव कुणी काढलं नाही. नरसिंहाला माळवदावर माणूस चालत नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी आपापल्या माळवदावरची जुनी माती टोपल्या भरभरून खाली काढायला सुरुवात केली. पुंजाराम त्या ढिगांमधून खाली मान घालून गेला. आपण तुळई पाहिली होती, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टोपल्या थांबल्या असत्या.

नंदाबाईचं मनगट जालन्याला प्लास्टरात घालून आणलं. बाया येऊन प्लास्टरला कपाळ टेकवू लागल्या.

"नशीबवान हायेस गं, देवानं सोताच्या हातानं मारलं तुला."

"हाव," नंदाबाई म्हणायची, आणि हात पुढं करायची.

शेवटची बाई गेली तेव्हा पुंजाराम मुखवटा पुसत होता.

"सर्जेरावाला एक फटका बसला," ती म्हणाली. "रखमाजीमामालाबी एकच."

पुंजारामानं फडकं पिळलं.

"मलाबी खांद्यावर एक बसला, अन् मी उठल्ते. जिन्याकडं निघाल्ते."

तो जबडा आतून पुसू लागला.

"मंग मनगटावर दुसरा कशापायी मारला?"

बाहेर कुणीतरी मातीची टोपली रिकामी केली. पुंजारामानं मुखवटा उचलून कोनाड्यात ठेवला. त्याचं तोंड घराकडं असायचं, ते त्यानं भिंतीकडं केलं.