पैलवानाचा रिपोर्ट

डॉक्टर नाजियांनी पैलवानाच्या पुढच्या पायावरचे केस भादरले, रबरी पट्टा आवळला आणि सुई टोचली. कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही. तारामतीनं त्याचं डोकं पोटाशी धरलं होतं. चार महिन्यांपूर्वी त्याला धरायला दोन गडी लागले असते. आता डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं पडलं होतं, लघवी केशरी होत होती. किल्लारीहून लातूरपर्यंत जीपमध्ये तो तिच्या मांडीवर निपचित पडून होता.

"यकृत कितपत बिघडलंय ते रक्तावरून कळेल. अर्धा तास बसा," डॉक्टर म्हणाल्या.

"कळू द्या. कागद हातात आला की सरळ पोलिसात जाते. बांधावरल्या व्यंकटानंच इख घातलंय याला."

"जाऊ दे की, तारा," दारात उभा असलेला तिचा नवरा श्रीमंत म्हणाला. "मुकं जनावर हाय. उकिरड्यावर काईबी खातं."

"तुमचं आपलं कायम जाऊ दे!"

श्रीमंतला खोकला आला. उपरणं तोंडाला लावून तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. जीपमधली धूळ बाधली असेल, असं तारामतीला वाटलं. क्षयाचं दुखणं तर मागं पडलं होतं. सहा महिन्यांच्या गोळ्यांतला आता एकच महिना उरला होता. रोज सकाळी ती न्याहारी घेऊन शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यापाशी जायची, तीन गोळ्या स्वतः त्याच्या तळहातावर ठेवायची आणि मगच धारेला बसायची. एक दिवस चुकवला नव्हता. दवाखान्यातून गोळ्या आणून देणाऱ्या आशाताईनं चारचौघींत तिचं कौतुक केलं होतं आणि ती चार दिवस फुशारून होती.

आतलं मशीन घरघरत होतं. तारामती मनातल्या मनात व्यंकटाच्या नावानं बोटं मोडत होती. बांध कोरणारा माणूस कुत्र्याला सोडील होय?

डॉक्टर कागद घेऊन आल्या.

"मावशी, हा आकडा शंभराच्या आत पाहिजे. इथं सातशे आलाय."

"मंजी इखच!"

"एकदाच घातलेलं वाटत नाही. रोज थोडं थोडं काहीतरी पोटात जातंय. लघवी केशरी आहे, पण त्यात रक्त नाही. कसला तरी रंग उतरतोय. परका कुणी त्याला खायला घालतो का?"

"परक्याच्या हातचं हुंगत बी न्हाई तो!" तारामती अभिमानानं म्हणाली. "मालकाच्याच हातचं खातो. मालक दुखण्यातून उठल्यापासून पहिला घास मुक्या जिवाला देतेत. भाकरीचा तुकडा मोडायचा, चांगला दुमडायचा, अन् आधी पैलवानाला..."

तिची नजर पैलवानाच्या पिवळ्या डोळ्यांवर गेली.

पहिल्या महिन्यात श्रीमंत असाच केशरी लघवीला घाबरला होता. गोळ्यांचा रंग उतरतो, घाबरायचं नाही, असं आशाताई म्हणाली होती. नंतर तो त्याबद्दल कधी बोलला नाही. तिनंही विचारलं नाही.

"मावशी?"

"कुत्रं वाचंल का?"

"ते पोटात जायचं थांबलं तर सावरेल. औषध देते."

तारामतीनं कागदाची घडी घातली. राग इतका आला होता की रडूही येईना. पैलवानाला उचलून ती बाहेर आली, त्याला बाकाखाली निजवलं आणि नवऱ्याशेजारी बसली.

श्रीमंतनं तिच्याकडं पाहिलं नाही. "काय म्हनल्या?"

"जगंल म्हनल्या."

"अन् व्यंकट?"

"व्यंकटाचं नाव काढू नका."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. पैलवानानं जीभ काढून श्रीमंतचा पाय चाटला, तसा त्यानं पाय मागं घेतला.

"गोळ्यानं पोटात आग पडायची गं," तो हळूच म्हणाला. "भाकर जायची न्हाई. अन् खोकला तर गेलाच होता."

"मग आता कुटून आला?"

त्यानं मूठ आवळली. उपरण्याचा बोळा त्याच्या मुठीत होता. तारामतीनं ती मूठ आपल्या मांडीवर ओढली आणि एकेक बोट उलगडलं. आतला डाग केशरी नव्हता, लाल होता.