सहा सेकंदांची शर्यत

मुनवरच्या दुकानासमोर टेम्पो लागला आणि महारुद्र आपल्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. तुळजापुरातल्या त्या रस्त्यावर दोघांची कॉम्प्युटरची दुकानं समोरासमोर, पंचवीस वर्षं झाली. आज मुनवर सगळं आवरून सोलापूरला लेकाकडं, रिजवानकडं, कायमचा निघाला होता. महारुद्रला त्याला एक गोष्ट सांगायची होती. आज सांगितली नाही तर ती आयुष्यभर तशीच राहिली असती.

काय दिवस होते ते! तिकडं अमेरिकेत दोन कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या. हिनं सातशे मेगाहर्ट्झ वेगाची प्रोसेसर चिप काढली की तिनं साडेसातशेची काढलीच म्हणून समजा. इकडं महारुद्र एकीचा आणि मुनवर दुसरीचा. भांडण तिकडचं, घसे मात्र या दोघांचे बसायचे. गिऱ्हाइकाला मेगाहर्ट्झ म्हणजे काय ते ठाऊक नसे, पण ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवर विचारावी तसा जवळच्या तामलवाडीचा माणूसही आधी आकडाच विचारायचा. आता मेला कोण विचारतो?

एका खंडेनवमीला तर एका पुजाऱ्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडून आतल्या पंख्यावर मूठभर हळद-कुंकू वाहिलं आणि भक्तिभावानं बटन दाबलं. पंख्यानं ते सगळ्या मशीनभर उधळलं. दिवसभर दोघं मांडीला मांडी लावून दाढीच्या ब्रशनं मशीन झाडत बसले, आणि संध्याकाळी कुणाची चिप भारी यावरून पुन्हा भांडले.

अशातच एका शाळेला वीस कॉम्प्युटर हवे झाले. मुख्याध्यापक म्हणाले, दोघं एकेक मशीन आणा आणि बटन एकदम दाबा. ज्याचं आधी चालू होईल त्याचे वीस घेऊ. एप्रिलातल्या टळटळीत दुपारी महानंदाबाईंच्या चहाच्या टपरीवर मशीनं मांडली. बघायला ही गर्दी! महारुद्रचं मशीन सहा सेकंदांनी जिंकलं. मुनवरनं स्वतः पेढे आणून वाटले. तो पेढा महारुद्रच्या घशाखाली अजून उतरलेला नव्हता.

कारण आदल्या दिवशी त्यानं जंपर सरकवला होता. बोर्डावरची ती नखाएवढी टोपी, तिच्यावर चिपचा वेग ठरायचा. सातशेची चिप त्यानं पावणेआठशेनं पळवली होती.

शेवटी शर्यतीतलं ते माळ्यावरचं जुनं मशीन त्यानं छातीशी धरलं, रस्ता ओलांडला आणि मुनवरच्या रिकाम्या टेबलावर आदळलं.

"मुनवर, म्या तुला फसवलं व्हतं," तो म्हणाला, आणि जंपरचं सगळं सांगून टाकलं.

मुनवर खोक्याला चिकटपट्टी लावत होता. तो थांबलासुद्धा नाही. "ठाऊक हाय. त्या दुपारी झाकण काढून आत टेबलफॅन मारत व्हतास की रे. चिप तापंल म्हणून घाबरला व्हतास. मी काय आंधळा व्हतो?"

"मग तवाच बोंबलला का न्हाईस?"

"बोंबललो असतो तर गावानं तुझं दुकान बंद पाडलं असतं, यार. मंग सकाळी शटर उघडून मी भांडलो असतो कुणाशी?"

पन्नाशी उलटलेला महारुद्र भर रस्त्यावरच्या दुकानात ढसाढसा रडला. मुनवरनं त्याला रडू दिलं, आणि मग स्वतःचे डोळे बाहीनं पुसत म्हणाला, "बास आता. जंपर जागेवर लाव. माझंबी त्या टायमाचं मशीन अजून बांधलं न्हाई. आज शर्यत इमानदारीनं हुंदे."

वायरी जोडल्या. महानंदाबाई रस्त्यापलीकडून चहा घेऊन आल्या आणि त्यांनीच एक-दोन-तीन म्हटलं. दोन्ही म्हाताऱ्या मशीनांनी कण्हत पंखे फिरवायला सुरुवात केली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

आयुष्यभर वेग विकलेला महारुद्र पडद्याकडं बघत मनात म्हणत होता, आई भवानी, सावकाश. लई सावकाश चालू दे. शेजारी मुनवरचेही ओठ हलत होते, आणि तोही तेच मागत होता हे त्याला न विचारता कळलं.

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला.

"थांब की जरा!" दोघं एकदम ओरडले. "अजून चालू व्हायचंय!"