उतरलेले सेल

"हे तिन्ही उतरले," बळीराम म्हणाला. टिनावर उन्हात ठेवलेले सेल त्याने एकेक करून उचलले आणि धोतराच्या सोग्याने पुसले.

कौसल्या तांदूळ निवडत होती. "परवाच आणले नं जी तुम्ही?"

"कंपन्याच चोर झाल्या वं. वरून लाल रंग, अंदर भुसा."

"मंग वापस करा."

"दुकानदार म्हणते, माह्या बॅटरीत बराबर चालतात. त्याची बॅटरी सासऱ्यानं देल्ली असंल."

एरवी ती हसली असती.

बळीराम जंगलाची मोजणी करणाऱ्या पार्टीत खलाशी होता. दिवाळी झाली की ट्रक निघे, होळीला परत येई. दिवसा मोजणीची साखळी ओढायची आणि अंधार पडता पडता तंबूंकडे परतायचे. त्या वेळी सगळे एका रांगेत चालत आणि पुढे बळीराम असे. बॅटरी फक्त त्याच्या हातात. रानात सेल मिळत नसत, म्हणून त्याने आपल्या रीती बसवल्या होत्या. बटण दाबायचे, वाट डोळ्यांत भरून घ्यायची, विझवायचे आणि तेवढे अंतर अंधारात चालायचे. दिवसा एक सेल उलटा घालायचा, म्हणजे झोळीत बटण दाबले गेले तरी बॅटरी जळत नाही. ओल धरली की सेल उन्हात टाकायचे. बाकी कामात तो चारचौघांसारखाच होता. पुढची जागा मात्र त्याची होती.

गेल्या हिवाळ्यात तो बॅटरी चालू असताना सरळ नाल्यात उतरला. मागून येणारा त्याचा जोडीदार गोविंदाही पडला आणि गोविंदाचे मनगट मोडले. सेल उतरले होते, असे बळीरामने सगळ्यांना सांगितले. गोविंदाही तेच सांगत आला.

पण बळीरामचा थोरला भाऊ देवाजी असाच आधी संध्याकाळी ठेचकाळू लागला होता. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी यावर औषध नाही म्हटले. आता तो भर दुपारीही खाटेवर बसून, कोण आले, म्हणून विचारतो. कौसल्या त्याला जेवण वाढून येते.

गोविंदा दारात आला. "भाऊ, सामान बांधलं का? उद्या सकाळी ट्रक हाये."

"बांधून राहिलो. ये, बस."

तो बसला नाही. "साहेबानं इचारलं, पुढं कोन राहीन म्हणून. मी म्हटलं, भाऊले भेटून सांगतो."

"काहून? इतके वर्स कोन राह्यते?"

"तसं नाई गा..."

"तुले सेलाचंच वाटून राहिलं नं? चाल, दाखवतो."

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. तिघे आत गेले आणि बळीरामने दार लावले. चाचपून त्याने तिन्ही सेल सरळ घातले, झाकण फिरवले आणि बटण दाबले.

समोरच्या भिंतीवर पांढरा गोल पडला. त्यात बुद्धाचे कॅलेंडर होते. खालच्या तारखाही कौसल्येला वाचता येत होत्या.

"पाह्य," बळीराम म्हणाला. "याच्यापेक्षा काजवा बरा. दिसते काई?"

गोविंदाने कौसल्येकडे पाहिले.

"लाल उजेड पडून राहिला," ती म्हणाली. "भिंतबी दिसत नाई."

"हेच मी सांगून राहिलो." त्याचा आवाज एकदम हलका झाला. "गोविंदा, तुह्या डोयाले दिसते का?"

गोविंदा दाराकडे वळला. मग म्हणाला, "नाई, भाऊ. जाता जाता नवे घेऊ." आणि त्याने दार उघडले.

दुपारचे ऊन आत आले. उन्हात बळीरामला अजून सगळे दिसत होते. त्याने कौसल्येचा चेहरा पाहिला. मग गोविंदाचा पाहिला. गोविंदा खाली बघत आपले मनगट चोळू लागला.

"साहेबाले काय सांगू, भाऊ?"

बळीराम उंबऱ्याशी उभा होता. त्याने बॅटरी विझवली, झाकण काढून वरचा सेल उलटा घातला आणि झाकण पुन्हा घट्ट केले. मग बॅटरी गोविंदापुढे धरली.

"पुढं तू राहाजो," तो म्हणाला. "अन् सेल बदलू नको. नवेच हायेत."