मल्लव्वाच्या माहेरची तूर

मी आळंदच्या एका धान्यगोदामातला जुना संगणक आहे, मित्रांनो. आता पंखा सुरू झाला की मी कण्हतो, पण एके काळी माझा भलताच रुबाब होता. कुणाचं पोतं कुठल्या थप्पीत आहे, ते मी चुटकीसरशी सांगायचो. मालक रेवणसिद्धअण्णा आल्यागेल्यापाशी माझं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचो.

मला घडवणाऱ्यानं माझ्यात तुरीचं घराणंच मांडलं होतं. वर नुसती तूर, म्हणजे विक्रीची. तिच्या पोटी बियाण्याची तूर. आईचे वजनाचे, ओलाव्याचे नियम लेकीला आपोआप लागू. आमच्याकडे चूलबंद आवतन दिलं की घरची सगळी माणसं जेवायला येतात. मला 'तूर' म्हटलं की मीही तसंच करायचो, आईबरोबर लेकीलाही पुढं आणायचो. आई एकटीच हवी असेल, तर तसं सांगावं लागायचं.

मादन हिप्परग्याच्या मल्लव्वानं विक्रीच्या तुरीसोबत पेरणीसाठी, कीड लागू नये म्हणून राख चोळलेल्या दाण्यांची दोन पोती ठेवली होती. ते तिच्या आईनं दिलेलं बियाणं होतं, गावात दुसऱ्या कुणाकडं उरलं नव्हतं. एकदा तिनं तूर विकायला काढली. गिरणीची गाडी दारात उभी होती. गोदामातल्या सुधारानीनं घाईत मला 'मल्लव्वाची तूर' एवढंच विचारलं आणि मी दाखवलेली सगळी पोती गाडीत चढली.

पेरणीच्या तोंडावर मल्लव्वा आली. "पोरी, माझं बियाणं काढ."

सुधारानीनं शोधलं आणि तिचा चेहरा उतरला. "अक्का, ते तुरीसंगट गेलं की. तुमीच म्हणलाव ना, तूर इका म्हणून?"

"व्हय, तूर म्हणलं. बियाणं कामून दिलीस? माय न्हाई आता माझी. कुणाला मागू?"

"कंप्युटरनं दाखवलं, अक्का," म्हणत सुधारानी रडू लागली. गिरणीत फोन केला, तर डाळ होऊन गेली होती.

मल्लव्वा माझ्याकडं वळली. मी खोटं बोललो नव्हतो, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लपायची सोय नव्हती. पडदा उजळलेलाच होता.

नंतर एका कारागिरानं येऊन मला 'तूर' म्हटलं की न सांगताही नुसती विक्रीची तूर दाखवायला शिकवलं. 'आता हुशार झाला,' असं सगळे म्हणतात. ते ऐकलं की मला जास्तच लाज वाटते.

मित्रांनो, आम्हाला विचाराल तर नेमकं विचारा. आणि आम्ही उत्तर दिलं, तरी पोत्याचं तोंड सोडून मूठभर दाणे हातात घेऊन बघा. त्या दिवशी कुणी तेवढं केलं असतं, तर राखेनं हात भरले असते आणि मल्लव्वाच्या आईची तूर आज रानात उभी असती.