ओढ्यावरची चूल

तांबडं फुटायला पंचफुलानं ओढ्याच्या काठावर तीन दगड मांडले, गोवऱ्या पेटवल्या आणि परातीत ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. तेवढ्यात टमरेल घेऊन वरच्या आळीचा दगडोबा पाटील आला आणि जागीच थबकला.

“पंचफुले, हितं काहून चूल मांडली?”

“घरात धूर व्हतो, पाटील.”

“ही आमची बसायची जागा हाये.”

“मंग बसा की. भाकर घेता का?”

समोर भाकर फुगत असताना तिथं बसणं निगरगट्टालाही जमत नाही. दगडोबा चडफडत मागं फिरला आणि त्याच्यामागं आलेली माणसंही फिरली.

मागच्या निवडणुकीत गाव मोडलं होतं. डोकी फुटली, अर्धं गाव कोर्टात गेलं, ग्रामपंचायतीला कुलूप लागलं. नळाची मोटार बंद, नाल्या तुंबलेल्या, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. वरची आळी खुशाल ओढ्याकाठी बसायची आणि खालच्या बौद्धवाड्याच्या बाया त्याच ओढ्याच्या वाळूत झिऱ्याचा खड्डा उकरून वाटी-वाटीनं घागरी भरायच्या. पंचफुलाची नात सपना जुलाबानं पार वाळून गेली होती. बोलायला गेलं की वरून ठरलेलं उत्तर मिळायचं, वाहत्या पाण्याला काय होतं? पिढ्यानपिढ्या पंचफुलाच्या हातानं ज्यांचं पाणी बाटत आलं, त्यांच्या घाणीनं मात्र ते बाटत नव्हतं. लाज कशाशी खातात ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

“आय, तहशीलला अर्ज देऊन पाहू,” तिचा मुलगा धम्मानंद म्हणाला.

“दे बापा. पर तवर सपनानं काय प्यावं?”

दुसऱ्या दिवशी दगडोबा काठी घेऊनच आला.

“तुझ्या चुलीला आमी चूल मानत न्हाई,” म्हणाला आणि त्यानं लाथ घातली. तवा गडगडत ओढ्यात गेला, पीठ मातीत सांडलं. पंचफुलानं पदरानं तापलेले दगड धरून पुन्हा जागेवर ठेवले.

“हाना अजून. वढ्यात दगड लई हायेत.”

तिसऱ्या दिवशी ती आली तर चुलीपाशी दगडोबाची बायको मंजुळाबाई उभी होती. बगलेत स्वतःचा तवा, हातात पिठाची टोपली. रात्रभर रडून डोळे सुजलेले.

“नातू वसमतला सलाईनवर हाये, आमचा मुन्ना,” ती म्हणाली. “डाक्टर म्हंतो, पाण्यानं झालं. आमची हीर तरी कुठं लांब हाये? वढ्याचंच पाणी झिरपतं तिच्यात. सरक जरा.”

पंचफुलाच्या जिभेवर पुष्कळ आलं होतं. ते तिनं गिळलं आणि सरकून जागा दिली.

“मंजुळाबाई, गावाच्या खाल्लाकडं माळ हाये. तिथं चर खोदू. एक गड्यायला, एक बायायला, मधी तुराट्याचा आडोसा. वरून माती लोटली का झालं.”

“व्हय. आपल्यालाबी अंधाराची वाट पाहावी लागनार न्हाई.”

दोघींच्या भाकरी एकाच चुलीवर भाजू लागल्या. दगडोबा आला, काठी उगारणार तोच त्याला बायको दिसली. मंजुळाबाईनं वर न पाहता भाकर थापली.

“ही चूल मानता का न्हाई?”

दगडोबानं काठी खाली घेतली. मागं उभी असलेली माणसं त्याच्याकडं बघत होती.

“घरी सैपाक कोन करील?” तो पुटपुटला.

“आता हितंच व्हईल. खायाचं आसंल तर आधी माळावर जा.”

दगडोबा टमरेल सावरत मुकाट्यानं माळाच्या वाटेला लागला. चार पावलं जाऊ दिल्यावर पंचफुलानं हाक मारली.

“पाटील, कुदळ इसरली तुमची.”