हिरवं राहण्याची सक्ती

मी एक जुना दिवा आहे, आणि उजेड पाडणं हे माझं काम कधीच नव्हतं. उजेडासाठी छताला विजेच्या नळ्या होत्या, खिडक्या होत्या. माझं काम एवढंच, की चुकलं तर लाल व्हायचं आणि बरोबर असलं तर हिरवं. तेवढं एक कामसुद्धा मला धड करू दिलं नाही, म्हणून बोलतोय. मित्रांनो, गोड आत्मवृत्त ऐकायचं असेल तर फाटक्या छत्रीकडे जा, शाळेच्या घंटेकडे जा. माझं डोकं तापलंय.

मला विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंनी घडवलं. दोन रंगीत काचा, दोन बल्ब, पत्र्याचा डबा आणि मागे एक लांबलचक तार. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं कशी चुकतात आणि चुका कशा लपवतात, हा बाईंच्या अभ्यासाचा विषय. त्यांना एक साधा प्रश्न पडला होता. चूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगली, तर ती लवकर दुरुस्त होते का? उत्तर शोधायला त्यांनी मला एका कंपनीत आणलं आणि पिण्याच्या पाण्याशेजारच्या भिंतीवर ठोकलं. तिथे प्रत्येकाला दिवसातून दहादा यावंच लागे.

ती कंपनी दवाखान्यांसाठी पंप बनवायची. आजारी माणसाच्या शिरेत औषध हळूहळू सोडणारं ते यंत्र तुम्ही खाटेशेजारी पाहिलं असेल. त्या पंपाचं डोकं म्हणजे एक प्रोग्राम, आणि तो आमच्या खोलीत लिहिला जाई. कुणी त्यात काहीही बदललं की संगणक आपणहून शेकडो चाचण्या घेई. सगळ्या पास झाल्या की मी हिरवा. एक जरी नापास झाली की मी लाल.

चाचण्या लिहायची आमची ताई. वयाने मोठे असलेलेही तिला ताईच म्हणत, कारण चूक दाखवताना ती कुणाची भीडभाड ठेवत नसे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत एक जण इतका भराभर लिहायचा की त्याचं नावच एक्सप्रेस पडलं होतं. याचे थांबे कमी आणि अपघात जास्त, असं ताई त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि तोही मान हलवून हसायचा.

ते दिवस खरे होते. मी लाल झालो की खुर्च्या सरकायच्या, चहा अर्धा राहायचा, चार डोकी एका पडद्यावर वाकायची. काय मोडलं, एवढंच लोक विचारायचे. बाई येऊन बघायच्या, टिपून घ्यायच्या. चुका खरोखरच लवकर दुरुस्त होत होत्या. जाताना त्यांनी अहवाल दिला आणि शेवटी बजावलं, की या दिव्याने प्रोग्राम तपासा, माणसं मोजू नका. आमच्या साहेबांनी अहवालाचं पहिलं पान वाचलं. त्यावर माझा फोटो होता.

आणि साहेबांना अक्कल सुचली. असली अक्कल फक्त मोठ्या खुर्चीवर बसणाऱ्यालाच सुचते. त्यांनी जाहीर केलं, की ज्या गटामुळे हा दिवा कमीत कमी वेळा लाल होईल त्या गटाला बढती. झालं. काय मोडलं हा प्रश्न त्या दिवशी मेला, आणि कुणी मोडलं हा प्रश्न जन्माला आला. मी लाल झालो की लोक माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच त्यांच्या ताटात माती कालवली.

मग खोलीत एक नवी पद्धत पडली. नापास झालेली चाचणी पुन्हा चालवायची. नापास झाली की आणखी एकदा. कधीतरी चुकून पास झाली की हुश्श करायचं आणि घरी जायचं. ज्या चाचण्या कधी पास तर कधी नापास व्हायच्या, त्यांना लहरी म्हणू लागले. एकदा लहरी ठरली की तिचं कुणी ऐकायचं नाही. मित्रांनो, वर्गातल्या एखाद्या पोराला एकदा मठ्ठ म्हटलं की त्याचं बरोबर उत्तरही कुणी ऐकत नाही ना, अगदी तसं.

अशाच एका चाचणीसाठी ताई भांडत होती. दवाखान्यातली वीज गेली की पंप बॅटरीवर जातो. त्या क्षणी तो समोरच्या पेशंटच्या औषधाचा वेग विसरत नाही ना, एवढं ती चाचणी बघायची. आणि पंप विसरायचा. नेहमी नाही, मधूनच. विसरला की आधीच्या पेशंटचा वेग धरायचा. सगळे म्हणत, चाचणी लहरी आहे.

"चाचणी लहरी नाहीये," ताई म्हणाली. "पंप लहरी आहे."

साहेब पाणी प्यायला आले होते, पेला तसाच हातात राहिला. "अहो ताई, सोमवारी माल निघायचाय. दिवा हिरवा पाहिजे मला."

"पंप दुरुस्त करा, दिवा आपोआप होईल."

"दहातून नऊदा पास होते ना ती?"

"होते की. दहावा पेशंट कोण, तेवढं नाव सांगा. आत्ता काढते चाचणी."

चाचणी काढायला ताईचा होकार लागे, तसा नियमच होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला नव्या लोकांना शिकवायला म्हणून पलीकडच्या इमारतीत धाडलं आणि तिच्या होकाराचे अधिकार स्वतःकडे घेतले. मग एक्सप्रेसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू घे बघून. एकदा त्याने माझ्याकडे पाहिलं. मग चाचणीच्या आधी एक खूण टाकली, की संगणकाने तिला ओलांडून पुढे जावं.

मी हिरवा झालो.

दिवा खोटं बोलत नाही, असं तुम्हाला वाटत असेल. बोलतो. तार जे सांगेल ते मी बोलतो, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला माणसं बसलेली असतात. त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. केक कापला. माझ्या डब्याला फुगे बांधून फोटो काढले. खरं बोलत होतो तेव्हा शिव्या खाल्ल्या, आणि माझं सगळ्यात मोठं कौतुक झालं ते मी खोटं बोललो त्या दिवशी. आतून जळत होतो मी, आणि बाहेर दिसत होता गार हिरवा रंग.

पंप गेले. काही महिन्यांनी एका दवाखान्यातल्या सिस्टर स्वतः आल्या. एक पंप चादरीत गुंडाळून, मूल आणावं तसा कडेवर घेऊन आल्या होत्या. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. वॉर्डातली वीज गेली, पंप बॅटरीवर गेला, आणि हृदयाचं औषध आधीच्या पेशंटच्या वेगाने धावत सुटलं. पेशंट म्हणजे एक निवृत्त बसचालक. जीव वाचला. पण आता ते बायकोला ओळखत नाहीत. ती समोर आली की म्हणतात, बाई, मागे सरका, गाडी सुटायचीय.

बोलता बोलता सिस्टरांची नजर माझ्यावर गेली. हा कसला दिवा, त्यांनी विचारलं. एक्सप्रेसने खाली बघत सांगितलं, काही चुकलं नाही असं सांगणारा.

"मग विझवा तो," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याच्याने बघवत नाही."

चौकशी बसली. दवाखान्याची माणसं आली, साहेबांचे साहेब आले. आणि आमच्या साहेबांनी काय सांगावं? दिव्यात बिघाड होता म्हणे. विद्यापीठातलं घरगुती काम, तारा जुन्या, लाल व्हायचा तिथे हिरवा झाला. ताईलाही पलीकडच्या इमारतीतून बोलावलं होतं. तिने फक्त मान डोलवायची होती. त्या बदल्यात त्या इमारतीतला अख्खा विभाग तिच्या हाताखाली येणार होता, हे साहेबांनी दारातच तिच्या कानावर घातलं होतं.

"दिवा धडधाकट आहे," ताई म्हणाली. "चाचणी आपण काढली. मी नाही म्हणाले असते, म्हणून मला इथून हलवलं."

मग एक्सप्रेस उभा राहिला. काढली ती मी, म्हणाला, माझ्या हाताने.

सगळ्या दवाखान्यांतून पंप परत मागवले. चाचणी पुन्हा बसवली, पंप दुरुस्त झाला. एवढं मात्र झालं, आणि ते ताईमुळे झालं. साहेबांची बदली झाली, वरच्या खुर्चीवर. एक्सप्रेस आता सावकाश लिहितो म्हणे. ताईला शेरा मिळाला, की गटात मिसळत नाहीत. तिने पिशवी भरली आणि गेली. पण दप्तरी कुणाचा तरी दोष लागतोच, म्हणून मला खिळ्यावरून उपटलं, अडगळीत टाकलं आणि 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी डकवली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका. मला दया नकोय. उद्या तुमच्या वर्गात, घरात, कामाच्या ठिकाणी कुणीतरी उठून म्हणेल, हे चुकतंय. त्याला खाली बसवू नका. त्याला लहरी म्हणू नका. लाल झाल्याबद्दल त्याला शिक्षा केलीत, तर उद्या तो मुकाट्याने हिरवा होईल. तुम्ही टाळ्या वाजवाल. आणि तेव्हा त्या खाटेवर तुमच्यापैकीच कुणाचं तरी माणूस असेल.